कर्ज फेडणारी लेखणी

आमच्या गर्ल्स हॉस्टेलमध्ये ‘चौघीजणी’ची एक प्रत गेली दोन वर्षं या रूममधून त्या रूममध्ये फिरते आहे. कव्हर केव्हाच गेलंय, मधली काही पानं मेसच्या आमटीने पिवळी झाली आहेत. पहिल्या पानावर शाईने माझ्या ताईचं नाव आहे. आठवीत निबंध स्पर्धेत तिला हे पुस्तक बक्षीस मिळालं होतं. मी फर्स्ट इयरला इथे आले तेव्हा लाडवांचा डबा, कुलूप आणि दोरीच्या जोडीला तिने हेही बॅगेत टाकलं. म्हणाली, “सबमिशनच्या काळात वाच. रडू आलं तरी चालेल, वाच.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘चौघीजणी’ हा लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. मार्च कुटुंबातल्या मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी, त्यांची आई, आणि युद्धावर गेलेले वडील. बस्, एवढंच. खून नाही, खजिना नाही. तरी १८६८ पासून हे पुस्तक छापलं जातंय, आणि २०१९ मध्ये ग्रेटा गरविगने त्यावर पुन्हा एकदा सिनेमा काढला.

हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकीला हॉस्टेलमध्ये एक प्रश्न विचारला जातो. “तू कोण? मेग, ज्यो, बेथ की एमी?” आणि उत्तर ठरलेलं. ज्यो! धांदरट, तापट, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, लेखिका व्हायचं म्हणणारी ज्यो. मीसुद्धा दोन वर्षं ज्योच होते. मग मागच्या सुट्टीत मी ज्योच्या मागे असलेल्या खऱ्या बाईचं चरित्र वाचायला घेतलं, आणि माझं उत्तर बदललं. ते का, हे शेवटी सांगते. आधी त्या बाईची ओळख करून घेऊ.

एक डॉलर घेऊन आलेले बाबा

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जर्मनटाउनचा. हे गाव आज फिलाडेल्फिया शहराचा भाग आहे. योगायोग असा की तिच्या वडिलांचा वाढदिवसही २९ नोव्हेंबरच. मोठी बहीण अ‍ॅना, दुसरी लुइझा, तिसरी एलिझाबेथ (घरात लिझी), चौथी मे. कादंबरीतल्या चौघी अशा घरातूनच आल्या.

वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे मोठं अजब प्रकरण होतं. शिक्षणतज्ज्ञ, तत्त्वज्ञ, इमर्सन आणि थोरो यांचे मित्र. मुलांना छडीने मारायचं नाही, पाठांतर नको, प्रश्न विचारू द्या, असं ते १८३० च्या दशकात म्हणत होते. बोस्टनमध्ये त्यांनी काढलेली शाळा आधी गाजली, मग धर्माविषयी मुलांशी मोकळेपणाने केलेला संवाद छापल्यामुळे बदनाम झाली. पुढच्या शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. ब्रॉन्सन यांनी त्या मुलीला काढलं नाही, शाळा बंद पडू दिली. माणूस तत्त्वाचा होता, यात शंकाच नाही.

पण तत्त्वावर चूल पेटत नाही. १८४३ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ‘फ्रुटलँड्स’ नावाची वसाहत काढली. नियम ऐकण्यासारखे आहेत. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत, मधसुद्धा नाही. लोकर नको, कारण ती मेंढीची. कापूस नको, कारण तो गुलामांच्या श्रमातून येतो. म्हणून थंडीच्या मुलखात तागाचे कपडे! लुइझा तेव्हा दहा वर्षांची होती. पीक काढणीला आलं तेव्हा कर्ती माणसं व्याख्यानांसाठी दौऱ्यावर, आणि वादळाच्या आत धान्य घरात आणायला आई आणि पोरी, असं लुइझाने पुढे स्वतःच एका विनोदी लेखात लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये सुरू झालेली ही वसाहत पुढच्या जानेवारीत मोडली. आपल्याकडे मिनी प्रोजेक्टसुद्धा याहून जास्त टिकतो.

आणखी एक प्रसंग तिच्या डायरीत आहे. १८५४ सालच्या फेब्रुवारीतली रात्र. वडील पश्चिमेकडच्या व्याख्यान दौऱ्यावरून परत आले. थंडीने काकडलेले, थकलेले. सगळ्या जणी त्यांच्याभोवती जमल्या, पण पैशाचं विचारायला कोणी धजेना. शेवटी धाकट्या मेने विचारलं, “लोकांनी पैसे दिले का?” त्यांनी पाकीट उघडून दाखवलं. आत एक डॉलर होता. आई क्षणभर गप्प झाली आणि मग त्यांना जवळ घेऊन म्हणाली की तुम्ही सुखरूप आलात, आणखी काय हवं.

या आईचं नाव अबिगेल. तिने पुढे बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांत पगारी समाजकार्य केलं, कामवाल्या मुलींना नोकऱ्या मिळवून देण्याचं ऑफिस चालवलं, घरात भाडेकरू ठेवले. गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसाला घरात आसराही दिला. लुइझा हे सगळं बघत मोठी झाली. आईला म्हातारपणी एक निवांत खोली आणि उबदार शेगडी मिळवून द्यायची, हे तिने फार लहान वयात मनाशी ठरवलं. लेखिका व्हायचं हे त्याच्यानंतर आलं, किंवा त्याच्याचसाठी आलं म्हणा ना.

पडेल ते काम

त्या काळात मध्यमवर्गीय मुलीला कमावण्याचे रस्ते किती? शिवणकाम, शिकवणी, दुसऱ्याच्या घरी सोबतीण म्हणून राहणं, नाहीतर घरकाम. लुइझाने चारही केले. अठरा-एकोणीस वर्षांची असताना ती एका घरी सोबतीण म्हणून गेली. काम हलकं, वाचन-बिचन, असं सांगून नेलं होतं. प्रत्यक्षात फरशी पुसणं, बर्फ उपसणं, विहिरीचं पाणी ओढणं, आणि वर मालकाच्या गप्पा ऐकणं. सात आठवड्यांनी ती परत निघाली तेव्हा हातावर चार डॉलर ठेवले. घरच्यांनी ते अपमान म्हणून परत पाठवून दिले. घरात पैशाची चणचण असूनही!

यावर तिने एक लेख लिहून प्रकाशकाकडे नेला. त्याने सल्ला दिला की बाई, तुम्ही शिकवणीच करा, लेखन तुम्हाला जमायचं नाही. शाळा सुरू करायला म्हणून पुढे त्याने चाळीस डॉलर उसनेही दिले. शाळा चालली नाही. लेखन मात्र चाललं. नाव झाल्यावर तिने ते चाळीस डॉलर त्याला परत नेऊन दिले. आणि तो घरकामाचा लेख? तोही १८७४ मध्ये छापून आला.

तिच्या पहिल्या कमाईचे आकडे बघा. १८५२ मध्ये छापून आलेल्या पहिल्या कथेचे पाच डॉलर. १८५४ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे ‘फ्लॉवर फेबल्स’ या परीकथांचे, बत्तीस डॉलर. हे पुस्तक तिने इमर्सन यांच्या मुलीला सांगितलेल्या गोष्टींचं होतं. ती आपल्या कमाईचा हिशेब नेटाने लिहून ठेवायची. शिवणकामाचे इतके, शिकवणीचे इतके, कथांचे इतके. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी वही आहे. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली.

टोपणनावाची लेखिका

आता एक मजेशीर गोष्ट. ‘लिटल विमेन’मधली ज्यो न्यूयॉर्कला गेल्यावर पैशासाठी भडक कथा लिहिते. खून, विष, सूड, फसवणूक वगैरे. मग प्रोफेसर भाएर त्या प्रकारच्या लेखनाबद्दल नापसंती दाखवतात, ज्योला लाज वाटते आणि ती सगळ्या कथा शेगडीत टाकते.

खऱ्या लुइझाने काय केलं? तिने अशा कथा लिहिणं चालू ठेवलं! काही निनावी, काही ‘ए. एम. बर्नार्ड’ या टोपणनावाने. तिच्या अशा एका कथेला एका साप्ताहिकाचं शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं होतं. तिच्या कथांमधल्या बायका कटकारस्थानं करतात, पुरुषांना नाचवतात आणि पुष्कळदा जिंकतातसुद्धा. १८६६ ची ‘बिहाइंड अ मास्क’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली. हे गुपित तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ पंचावन्न वर्षं कोणाला नीट माहीत नव्हतं. लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न या दोन अभ्यासक मैत्रिणींनी जुन्या पत्रांवरून ते शोधून काढलं आणि १९४३ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये या कथांचा संग्रह निघाला तेव्हा ‘मुलांची लेखिका’ हे तिचं चित्र बरंच बदललं.

मला यात ढोंग दिसत नाही. बिलं भरायची होती, आणि असं लिहायला तिला आवडतही होतं. एका हाताने हे आणि दुसऱ्या हाताने ते, असं चाललं होतं. पैशासाठी लिहिलं म्हणजे वाईटच असणार, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो.

सहा आठवड्यांची नोकरी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लुइझाचं घराणं गुलामगिरीच्या कट्टर विरोधात. तिला लढायला जायचं होतं, पण बाईला कोण घेणार? घरी बसून सैनिकांचे कपडे शिवण्यात तिचं मन रमेना. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये तिला तीस वर्षं पूर्ण झाली आणि तिने नर्स म्हणून नाव दिलं. डिसेंबरमध्ये ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनला पोचली. एका जुन्या हॉटेलचं हॉस्पिटल केलं होतं. कोंदट खोल्या, फुटक्या खिडक्या, घाण वास.

१३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्गची लढाई झाली. उत्तरेच्या सैन्याचा दारुण पराभव. काही दिवसांनी जखमींच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. नवीन नर्सला पहिलं काम मिळालं ते चिखलाने माखलेल्या अनोळखी पुरुषांना अंघोळ घालण्याचं. ती हबकली, पण साबण आणि पाणी घेऊन कामाला लागली. रात्रपाळीत ती जखमांच्या पट्ट्या बदलायची, सैनिकांची पत्रं लिहून द्यायची, मरणाऱ्याचा हात धरून बसायची. व्हर्जिनियाचा एक धिप्पाड लोहार फुप्फुसाला गोळी लागून तिच्या डोळ्यांसमोर गेला. त्याचं वर्णन वाचताना आजही घशाशी काहीतरी येतं.

ही नोकरी सहा आठवडेच टिकली. तिला टायफॉइड आणि न्यूमोनिया झाला. १८६३ च्या जानेवारीत वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. तापात ती कित्येक दिवस भ्रमात होती. तिचे लांबसडक केस कापावे लागले. कादंबरीत ज्यो वडिलांच्या आजारपणासाठी पंचवीस डॉलरला आपले केस विकते, तो प्रसंग आठवा. केस गेल्याचं दुःख लेखिकेला ऐकीव नव्हतं.

औषध म्हणून तिला कॅलोमेल दिलं होतं. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड क्षार. केमिस्ट्रीत आपण Hg सोडवून मार्क घेतो, तोच पारा तेव्हा डॉक्टर मुक्तहस्ताने पाजत असत. तिचे केस परत वाढले, पण तब्येत पुन्हा पूर्वीसारखी कधीच झाली नाही. दुखणारे सांधे, डोकेदुखी, निद्रानाश. आयुष्यभर तिने पाऱ्याला दोष दिला. २००७ मध्ये दोन संशोधकांनी तिची लक्षणं तपासून लूपस या आजाराचीही शक्यता मांडली.

पण त्या सहा आठवड्यांनी तिला लेखिका केलं. घरी पाठवलेल्या पत्रांवरून तिने ‘हॉस्पिटल स्केचेस’ लिहिलं. ते १८६३ मध्ये आधी वर्तमानपत्रात आणि मग पुस्तकरूपाने आलं. लोकांना ते फार आवडलं. कल्पनेतल्या सरदार-राजकन्यांपेक्षा आपण स्वतः पाहिलेलं साधं, खरं लिहिलं तर ते वाचकाच्या आत जातं, हा धडा तिला इथे मिळाला.

“मुलींसाठी एक पुस्तक लिहा”

१८६७ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या थॉमस नाइल्स यांनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. ती ‘प्रयत्न करते’ म्हणाली, पण मनात नव्हतं. आपल्याला मुली फारशा आवडतही नाहीत आणि बहिणी सोडल्या तर कळतही नाहीत, अशा अर्थाचं तिने डायरीत लिहून ठेवलं आहे. शेवटी १८६८ च्या मे महिन्यात ती बसली. विषय काय? तर तिला माहीत असलेल्या त्याच तीन बहिणी, आणि स्वतः.

कॉन्कॉर्डमधल्या ‘ऑर्चर्ड हाउस’ या घरात, दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला जोडलेलं एक अर्धगोल लाकडी टेबल आहे. ते ब्रॉन्सन यांनी स्वतः करून दिलं होतं. ज्या बापाने आयुष्यभर घरात दमड्या आणल्या नाहीत, त्याने मुलीला लिहायला जागा मात्र करून दिली. त्या काळी बाईने जास्त लिहू-वाचू नये असं म्हणणारे कमी नव्हते. म्हणून मला ब्रॉन्सन यांच्यावर पूर्ण रागावता येत नाही. १९१२ पासून हे घर संग्रहालय म्हणून खुलं आहे.

पहिली बारा प्रकरणं पाठवली. नाइल्स यांना ती कंटाळवाणी वाटली. लुइझालाही तसंच वाटत होतं! तरी तिने जुलैच्या मध्यापर्यंत पुस्तक पूर्ण केलं, म्हणजे साधारण अडीच महिन्यांत. नाइल्स यांनी हस्तलिखित आपल्या भाचीला आणि आणखी काही मुलींना वाचायला दिलं. मुली खुळावल्या. १८६८ च्या सप्टेंबरअखेर पुस्तक बाजारात आलं आणि पहिली दोन हजारांची आवृत्ती बघता बघता संपली. दुसरा भाग तिने १ नोव्हेंबरला सुरू केला, दिवसाला जवळजवळ एक प्रकरण या वेगाने, आणि १ जानेवारी १८६९ ला प्रकाशकाकडे दिला. एप्रिलमध्ये तोही आला.

मधल्या काळात वाचक मुलींची पत्रं येऊन पडत होती. सगळ्यांचा एकच हट्ट, ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. लुइझाला ज्योला अविवाहित ठेवायचं होतं, स्वतःसारखंच. प्रकाशक आणि वाचक दोघंही ऐकेनात. शेवटी तिने तोडगा काढला. ज्योचं लग्न लावलं, पण लॉरीशी नाही. साधा, वयाने मोठा, गरीब, जर्मन प्रोफेसर आणून उभा केला. दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी त्यावरून हॉस्टेलमध्ये भांडणं होतात, आणि ती होत राहोत.

एकरकमी की टक्केवारी?

आता आपल्या कामाचा भाग. ‘लिटल विमेन’च्या वेळी लुइझापुढे दोन पर्याय होते. एक, सगळे हक्क विकून एकरकमी पैसे घ्यायचे. दोन, हक्क स्वतःकडे ठेवायचे आणि विक्रीवर टक्केवारी घ्यायची. टक्केवारी शेकडा पावणेसातच्या आसपास. घरात कर्ज, आई थकलेली. अशा वेळी कोणीही रोख रक्कम उचलेल. नाइल्स हे प्रकाशक, म्हणजे समोरच्या बाजूचा माणूस. पण त्यांनीच तिला सल्ला दिला की हक्क विकू नका. तिने तो ऐकला. पुस्तक धो धो खपलं, आणि प्रत्येक प्रतीमागे तिला पैसे येत राहिले. पुढे अनेक वर्षांनी तिने डायरीच्या जुन्या पानावर टीप लिहिली, तिचा मतितार्थ असा की प्रकाशक प्रामाणिक निघाला, लेखिका नशीबवान निघाली आणि त्या हक्कांनीच तिचं भाग्य घडवलं.

तिने पहिली गोष्ट काय केली? वडिलांची जुनी कर्जं फेडली. एकेक, पै न पै. मग आईची खोली आणि शेगडी. मग बहिणी.

१८७० च्या अखेरीस ती युरोपात विश्रांतीसाठी गेली असताना बातमी आली की अ‍ॅनाचा नवरा वारला. मागे अ‍ॅना आणि दोन लहान मुलगे. लुइझा रोममध्ये होती. तिथेच बसून तिने ‘लिटल मेन’ लिहायला घेतलं, त्या तिघांना आधार व्हावा म्हणून. १८७१ मध्ये पुस्तक आलं. शोकसंदेश अनेक जण पाठवतात. तिने पुस्तक पाठवलं.

सतत लिहून तिच्या उजव्या हाताचा अंगठा निकामी व्हायला आला, तेव्हा ती डाव्या हाताने लिहायला शिकली. कॅल्क्युलस, ड्रॉइंगच्या शीट्स आणि जर्नल्स यांनी बोटं दुखतात म्हणून रडणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे एक मिनिट शांत उभं राहावं.

डॉक्टर नॅन आणि पहिली मतदार

लुइझाने लग्न केलं नाही. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने स्त्रियांना फक्त शाळा समितीच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार दिला. कॉन्कॉर्ड गावात नाव नोंदवणारी पहिली स्त्री लुइझा होती. बाकीच्या बायकांनी नाव नोंदवावं म्हणून ती घरोघर फिरली. मार्च १८८० मध्ये वीस जणींनी मत दिलं.

१८८६ मध्ये तिची शेवटची कादंबरी ‘ज्योज बॉइज’ आली. त्यात नॅन नावाची मुलगी आहे. मागे लागलेल्या तरुणाला नाही म्हणते, लग्न करत नाही आणि डॉक्टर होते. ही गोष्ट लिहिली गेली तो काळ बघा. त्याच १८८६ च्या मार्चमध्ये, लुइझाच्या जन्मगावाला पोटात घेतलेल्या फिलाडेल्फिया शहरात, आपल्या आनंदीबाई जोशी विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. हा निव्वळ योगायोग, पण छान योगायोग आहे. कादंबरीतली नॅन आणि आपल्या आनंदीबाई एकाच वर्षी जगापुढे आल्या.

बेथ, मे आणि हिशेब

यशाच्या गोष्टी सांगितल्या, आता दुसरी बाजू. लिझी, म्हणजे कादंबरीतली बेथ, १८५८ मध्येच गेली होती. तिला ‘लिटल विमेन’चा एक पैसाही बघायला मिळाला नाही. आई १८७७ मध्ये गेली, पण शेवटची वर्षं तरी तिची निवांत गेली.

धाकटी मे चित्रकार होती. लुइझाने आपल्या पैशाने तिला चित्रकला शिकायला पुन्हा पुन्हा युरोपात पाठवलं. १८७७ मध्ये मेचं चित्र पॅरिसच्या नामांकित ‘सलोन’ प्रदर्शनात लागलं. तिने तिकडेच लग्न केलं आणि डिसेंबर १८७९ मध्ये, मुलगी झाल्यावर सात आठवड्यांनी ती वारली. जाताना मुलगी लुइझाकडे सोपवून गेली. मुलीचं नावही लुइझाच, लाडाने लुलू. तब्येत खालावलेली असताना, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लुइझा त्या तान्हीची आई झाली.

वडील ४ मार्च १८८८ ला बोस्टनमध्ये वारले. दोन दिवसांनी, ६ मार्चला, लुइझाही गेली. वय पंचावन्न. वाढदिवस एकाच तारखेचा आणि मरणही जवळजवळ एकाच वेळचं. कॉन्कॉर्डच्या स्लीपी हॉलो स्मशानभूमीत तिचं थडगं आहे. जवळच इमर्सन, थोरो, हॉथॉर्न.

मी ज्यो नाही

तर मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते.

कादंबरीत ज्यो आणि एमी भांडतात. एमी रागाच्या भरात ज्योचं हस्तलिखित जाळते. मोठेपणी युरोपला जायची संधीही ज्योच्या हातून निसटून एमीला मिळते. वाचताना आपण ज्योच्या बाजूने असतो आणि एमीचा राग येतो. पण खऱ्या आयुष्यात एमीला, म्हणजे मेला, युरोपात पाठवणारी ज्योच होती, आणि ते पैसे तिच्या दुखऱ्या अंगठ्याचे होते.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. माझी फी ताई भरते. बाबांच्या आजारपणात तिने एम. ए. अर्धवट सोडून नोकरी धरली. निबंधाला बक्षीस मिळवणारी ती होती, मी नव्हे. माझ्या एज्युकेशन लोनच्या हप्त्याची तारीख मला माहीत नाही, तिला पाठ आहे. आणि मी दोन वर्षं हॉस्टेलमध्ये ‘मी ज्यो, मी ज्यो’ म्हणत होते. तेही तिच्याच पुस्तकावरून!

त्या रात्री मेसनंतर ताईला फोन केला. विचारलं, “तू पुस्तक वाचलंस तेव्हा कोण होतीस?” ती हसली. म्हणाली, “ज्यो. सगळ्याच असतात.” मग थोडं थांबून, “सबमिशन झालं का?”

झालं, म्हटलं. दुसरं काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून हा लेख लिहिला. अंक निघाला की तिला पोस्टाने पाठवणार आहे, आणि सोबत ती एम. ए. च्या प्रवेशाची माहिती. फॉर्मचे पैसे मी भरणार आहे. समर इंटर्नशिपचा स्टायपेंड आलाय.

पुस्तक सध्या पहिल्या मजल्यावर आहे. ज्या कोणाकडे असेल तिने वाचून झाल्यावर मला आणून द्यावं. त्यावर नवीन कव्हर घालायचं आहे.